चार मिनिटं बारा सेकंद

दवाखान्याच्या छतावरचा ओलीचा डाग चौथ्यांदा रंग फोडून वर आला, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याचा नाद सोडला आणि माहेरी फोन लावला.

"आई, तो परत आलाय."

"कोण गं?"

"डाग! खुर्चीच्या बरोब्बर वर. पेशंट आडवा झाला की त्याला दुसरं काही दिसतच नाही. काल मी दाढ काढतेय आणि बाई मला विचारतायत, छत पडणार नाही ना म्हणून. समोरच्या नव्या दवाखान्यात छताला टीव्ही लावलाय. माझे पेशंट पहिल्या सिटिंगला येतात आणि दुसऱ्या सिटिंगला तिकडे जातात."

आईने नुसतं "अरे देवा" म्हटलं, तेवढ्यात फोन बाबांनी काढून घेतला.

"छतावर मोठा फोटो लाव," ते म्हणाले. "डागही झाकला जाईल आणि माणसाला बघायलाही काहीतरी होईल."

"कसला फोटो, बाबा?"

"मी देतो ना. शनीचा."

लेक सावकाश म्हणाली, "बाबा, एखादा धबधबा वगैरे नाही का चालणार?"

"धबधब्याने लोकांना बाथरूमची आठवण होते. शनी शांत आहे. कधी हवाय?"

"सोमवारी सकाळी नऊला पहिला पेशंट आहे."

"सोमवारी आठ वाजता छतावर असेल," बाबा म्हणाले आणि फोन ठेवून थेट कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. दिवस मंगळवार होता.

बाबा म्हणजे एकतीस वर्षं शहर बससेवेत काढलेले चालक. अख्खी वसाहत त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायची. एकतीस वर्षांत त्यांनी साधा आरसा फोडला नव्हता. निवृत्त झाल्यावर हातांना चाळा हवा म्हणून त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला सांगितलं होतं, "एखादा गाडी चालवायचा खेळ टाकून दे." त्याने काय ऐकलं कोण जाणे, अवकाशयान चालवायचा सिम्युलेटर टाकून दिला. त्यात गुण नव्हते, शत्रू नव्हते, गाणीसुद्धा नव्हती. खऱ्या अंतरांची खरीखुरी सूर्यमाला, त्यात एक यान आणि यानात तुम्ही. बाकी सगळी शांतता.

ड्रायव्हरसाहेबांनी पहिल्याच दिवशी दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारलं होतं, "ब्रेक कुठेय?"

"ब्रेक नसतो, काका. वेग कमी करायचा तर यान उलटं फिरवायचं आणि इंजिन चालू करायचं."

"म्हणजे समोर सिग्नल दिसला की मी बस गर्रकन उलटी फिरवून ॲक्सिलरेटर दाबायचा? असल्या गाडीला परवाना दिला कोणी?"

पहिल्या आठवड्यात त्यांनी त्रेचाळीस यानं जमिनीत घातली. प्रत्येकाची वहीत नोंद केली, कारणासकट. दुसऱ्या आठवड्यात नऊ. दोन महिन्यांनी ते चंद्रावर असे अलगद उतरू लागले की टेबलावरच्या कपातला चहा हलत नसे. चहा तसाही हलला नसता, पण ते अभिमानाने कपाकडे बघत. मग त्यांना फोटोंचा छंद लागला. कुठे चांगला देखावा दिसला की यान थांबवायचं, खिडकी नीट धरायची आणि एक बटण दाबून पडद्यावरचं चित्र साठवायचं. चंद्राच्या डोंगरांमागून वर येणारी पृथ्वी त्यांनी छापून फ्रिजवर लावली होती. तिच्यासाठी बायकोने गॅसवाल्याचा नंबर तिथून काढला होता, आणि हा त्याग ती अधूनमधून बोलून दाखवत असे.

शनीला मात्र ते अजून गेले नव्हते.

बुधवारी सकाळी त्यांनी यान सोडलं. दुरुस्तीवाल्याला सल्ल्यापुरता फोन केला, तर तो म्हणाला, "काका, जायचं कशाला? शनीजवळची जागा टाइप करा. यान आपोआप तिथे दिसेल. पाच मिनिटांचं काम."

"डेपोतली बस उचलून शेवटच्या स्टॉपवर ठेवायची आणि मी आणली म्हणून सांगायचं?"

"कोणाला कळणारे?"

"मला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कोणतं बटण कशाचं, हे त्यांना अजून पाठ नव्हतं. म्हणून बायकोने आपल्या टपोऱ्या अक्षरांत सगळ्या बटणांची यादी लिहिली आणि तो कागद पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर चिकटवून दिला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. कोणती वायर कुठे जाते हे समोर लिहिलेलं असावं, असा तिचा आग्रह असे. त्या कोपऱ्यात तसंही काळं आकाशच दिसतं, असं दोघांचंही मत पडलं.

बुधवार निर्विघ्न गेला. यानात वेळ पळवायचं बटण असतं. ते दाबलं की एका मिनिटात महिना सरतो, नाहीतर शनीला पोचायला खरोखरचीच वर्षं गेली असती. गुरुवारी दुपारी शनी वाटाण्याएवढा दिसू लागला. ड्रायव्हरसाहेबांनी चष्मा पुसला आणि नेमकी दाराची बेल वाजली. कुरिअरवाला होता. पार्सल शेजाऱ्यांचं होतं. शेजारी घरी नव्हते. सही कुठे करायची, नाव कोणाचं लिहायचं, यात मोजून तीन मिनिटं गेली. वेळ पळवायचं बटण बंद करायचं राहून गेलं होतं.

ते परत आले तेव्हा समोर काहीच नव्हतं.

"अहो, दूध उतू गेलं का? असे काय उभे आहात?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"शनी उतू गेला," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "तीन महिने मागे राहिलाय."

"मग पुन्हा पहिल्यापासून निघा."

"तेवढा वेळ नाही. यू-टर्न घेतो."

अवकाशात यू-टर्न घेणं म्हणजे आधी पूर्ण थांबणं, मग उलट दिशेने पुन्हा निघणं. यात टाकीतलं अर्ध्याहून जास्त इंधन गेलं. पण घेतला. वहीत लिहिलं: 'कारण – शेजाऱ्यांचं पार्सल.'

शुक्रवारी सकाळी ते आंघोळीला गेले. या वेळी वेळ पळवायचं बटण बंद केलं, इंजिन बंद केलं, सगळं दोनदा तपासलं. बाहेर येऊन बघतात तर बायको फडक्याने टेबल पुसत होती आणि यानाच्या मागून लांबलचक निळी ज्योत निघत होती.

"काय केलंस?"

"काही नाही. पुसलं."

"कीबोर्ड पुसलास?"

"मग? बोटांचे डाग होते त्यावर. बघवत नव्हतं." तिने यादीकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे, मग नवऱ्याकडे. "इंजिनचं बटण एवढं मोठं कशाला ठेवतात पण?"

टाकीत तळाला थोडंसं उरलं होतं. ड्रायव्हरसाहेबांनी कागदावर हिशेब मांडला. शनीला पोचता येत होतं. थांबता येत नव्हतं. शनीच्या एखाद्या छोट्या बर्फाळ चंद्राजवळून जाता येत होतं, आणि जाता जाता खिडकी बरोबर धरली तर खाली चंद्राचं पांढरंशुभ्र क्षितिज, वर वलयांसकट अख्खा शनी, असा देखावा मिळणार होता. एकदाच. काही सेकंद.

"चालत्या बसमधून फोटो काढायचा," ते म्हणाले. "बस."

शनिवारी एक वाजून दहा मिनिटांनी तो देखावा आला. खाली बर्फाचं मैदान उजळलं होतं, त्यावर निळसर भेगा पडल्या होत्या. वर शनी इतका मोठा की तो खिडकीत जेमतेम मावत होता, आणि वलयं सुरीच्या पात्यासारखी बारीक, लखलखीत. बायको हातातली भाजी तशीच धरून मागे येऊन उभी राहिली होती.

"हे खरंच असं आहे तिथे?" तिने हळूच विचारलं.

ड्रायव्हरसाहेबांना उत्तर द्यायला सवड नव्हती. त्यांनी बटण दाबलं, चित्र साठवलं, सिम्युलेटर बंद केला, चित्र पेन ड्राइव्हवर घेतलं आणि चपला घातल्या. छपाईवाला शनिवारी दोनला दुकान बंद करायचा. घाईत चष्मा टेबलावरच राहिला.

"बघून घ्या, काका," छपाईवाल्याने चित्र पडद्यावर उघडून दाखवलं. "असंच छापू? हे वरचं पण ठेवायचंय ना?"

ड्रायव्हरसाहेबांना वर एक मोठा पिवळा गोळा दिसत होता. "वरचंच तर मुख्य आहे! त्याच्यासाठी चार दिवस घातलेत. चांगलं ठसठशीत येऊ दे."

"येतं की," छपाईवाला म्हणाला.

सोमवारी सकाळी साडेसातला छपाईवाल्याची माणसं आली आणि सहा फूट लांब, चार फूट रुंद फोटो छताला बसवून गेली. डाग पार झाकला गेला. डॉक्टरीणबाईंनी दारातून मान वर करून पाहिलं आणि त्यांना खरोखर भरून आलं. दारातून बघणाऱ्याला फोटो उलटा दिसत होता. तो सुलटा दिसायची सोय फक्त खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाला होती, आणि ते योग्यच होतं.

पहिले पेशंट होते किल्लीवाले. कुलपं आणि तिजोऱ्या उघडणारा सहा फुटी माणूस, पण सुई दिसली की त्याचे हातपाय गार पडत. एका रूट कॅनॉलसाठी दोनदा खुर्चीत बसून दोनदा उठून गेलेले. आज ते डोळे मिटूनच आडवे झाले. मग उघडले. मग उघडेच राहिले.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. किल्लीवाले हलले नाहीत. ड्रिल चालू केलं. हलले नाहीत. फक्त बोटांवर काहीतरी मोजत होते. थोड्या वेळाने तोंडातल्या कापसामागून आवाज आला, "आ मिं..."

"काय? दुखतंय?"

किल्लीवाल्यांनी जोरजोरात नकाराची मान हलवली आणि वर बोट केलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, फोटो आवडला. त्या हसल्या आणि काम चालू ठेवलं. अर्ध्या तासाने कापूस निघाला. किल्लीवाले ताडकन उठून बसले.

"डॉक्टर, वाचलं का?"

"वाचला की. दात अगदी व्यवस्थित वाचला."

"दात नाही हो! ते यान!"

"कोणतं यान?"

"म्हणजे तुम्ही वाचलंच नाही?"

"अहो, काय वाचलं आणि काय वाचलं नाही?" डॉक्टरीणबाई गोंधळून म्हणाल्या.

"इथे झोपा," किल्लीवाले खुर्चीतून उतरत म्हणाले. "झोपा म्हणजे कळेल."

डॉक्टरीणबाई आपल्याच खुर्चीत आयुष्यात पहिल्यांदा आडव्या झाल्या. वर शनी होता. वलयं होती. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर उंचीच्या लालभडक अक्षरांत लिहिलं होतं: 'इंधन शून्य. धडकेला बाकी: चार मिनिटं बारा सेकंद.'

दुपारपर्यंत आणखी चार जण आडवे झाले आणि चौघांनीही उठल्यावर तोंड धुवायच्या आधी तेच विचारलं. किल्लीवाले तर घरी जायलाच तयार नव्हते. बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला आत काय आहे ते सांगत होते. डॉक्टरीणबाईंनी फोन लावला.

"बाबा, फोटोवर काय लिहिलंय?"

"काही लिहिलेलं नाही. आकाशात कोण लिहिणार?"

"या तुम्ही इकडे. चष्मा घेऊन या."

ड्रायव्हरसाहेब वीस मिनिटांत हजर झाले, खुर्चीत आडवे झाले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी आडव्यानेच छपाईवाल्याला फोन लावला.

"ही अक्षरं कुठून आणलीस?"

"तुमचीच आहेत, काका. जरा पुसट होती, तुम्ही म्हणालात वरचं ठसठशीत पाहिजे, म्हणून मोठी करून उठाव दिला. मी म्हटलं, दवाखान्याची काहीतरी स्कीम असेल. चार मिनिटांत दात."

फोन ठेवून ड्रायव्हरसाहेब उठले. चेहरा उतरला होता. लेकीला वाटलं, फसगतीमुळे.

"असू दे, बाबा. काढून टाकू आपण. नवीन छापू."

"ते नाही गं," ते म्हणाले. "मला दिसलंच नाही. तिथे तुझ्या आईची यादी होती. मी फोटो काढला, आणि गाडी दरीच्या तोंडावर सोडून खाली उतरलो."

"गाडीत कोणी नव्हतं, बाबा."

"मी होतो ना."

बाहेरच्या बाकावरून उठून किल्लीवाले दारात आले. त्यांचा अर्धा जबडा अजून बधिर होता. "साहेब, काहीतरी करा. चार मिनिटं आहेत ना अजून?"

ड्रायव्हरसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. सिम्युलेटर बंद केला की तो त्या क्षणी जिथे असेल तिथेच गोठतो, आणि उघडला की तिथूनच सुरू होतो. शनिवारपासून ते यान तसंच लटकत होतं.

"आहेत," ते म्हणाले आणि तडक घरी निघाले.

दुपारचे चार वाजले होते. बायको खुर्ची ओढून शेजारी बसली. त्यांनी पडद्यावरचा कागद सोलून काढला. मग सिम्युलेटर न उघडताच साठवलेलं चित्र आणि वही घेऊन बसले. मोठ्या इंजिनात थेंब नव्हता. पण यानाचं तोंड इकडेतिकडे वळवायला अंगभर चिमुकल्या नळ्या असतात, त्यांची टाकी वेगळी. ती भरलेली होती. यान त्या चंद्रावर सरळ आदळणार नव्हतं, कडेच्या एका बर्फाच्या डोंगराला घासणार होतं. किंचित वर उचललं गेलं तर सुटत होतं.

"नाही जमलं तर पुन्हा उघडता येईल ना?" बायकोने विचारलं.

"येईल. पण उघडणार नाही. एकदाच."

"मग मी उंची वाचत राहते. तुम्ही आकड्यांकडे बघू नका, समोर बघा."

त्यांनी सिम्युलेटर उघडला. लाल अक्षरांतले सेकंद पळू लागले. ड्रायव्हरसाहेबांनी डोंगर दिसायची वाट पाहिली नाही. घाटातलं वळण दिसल्यावर स्टिअरिंग फिरवणारा चालक उशीर झालेला चालक असतो. त्यांनी पहिल्याच सेकंदाला सगळ्या नळ्या खाली रोखून सोडल्या आणि बटणावरचं बोट उचललं नाही.

"अठ्ठावीस हजार मीटर," बायको एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाली. "एकवीस. चौदा."

मैदान वर येत होतं. भेगा रुंद होत होत्या.

"नऊ. सहा हजार. टाकी संपत आली."

"संपू दे."

"चार. अडीच." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "अहो, डोंगर!"

"दिसतोय."

"बाराशे. आठशे. सहाशे... चारशे..."

डोंगराचा पांढरा माथा अख्ख्या खिडकीभर पसरला. दोघांनी एकदमच आपापल्या खुर्चीत पाय वर घेतले. माथा खालून निघून गेला आणि समोर पुन्हा काळं आकाश उघडलं. लाल अक्षरं विझली.

"सातशे," बायको म्हणाली. "हजार. दोन हजार. वाढतेय! अहो, वाढतेय!"

ड्रायव्हरसाहेबांनी बटणावरून बोट काढलं. ते वाकलेलंच राहिलं, सरळ व्हायला दोन मिनिटं लागली. त्यांनी दवाखान्यात फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "चारशे मीटरनी चुकवलं."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाकावर आता सात जण होते. किल्लीवाल्यांनी श्वास रोखून विचारलं, "काय झालं?"

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सातही चेहरे त्यांच्याकडे बघत होते. त्यांतल्या पाच जणांची दुसरी सिटिंग बाकी होती.

"पुढच्या सोमवारी सांगते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या सिटिंगला."

पुढच्या सोमवारी पाचच्या पाच आले. किल्लीवाले नऊऐवजी पावणेनऊला आले, स्वतःहून आडवे झाले आणि 'चारशे मीटर' ऐकल्यावर सुई तोंडात असतानाच टाळ्या वाजवू लागले. समोरच्या दवाखान्यात टीव्ही बघणारे दोन जण हे काय प्रकरण आहे ते पाहायला इकडे आले आणि दोघांनाही किडलेल्या दाढा निघाल्या.

त्याच आठवड्यात ड्रायव्हरसाहेबांनी नवीन फोटो आणला. सुटून निघालेल्या यानाच्या मागच्या खिडकीतून काढलेला. शनीची कोर, अंधारात बुडालेली वलयं, आणि कडेला तो बर्फाचा चंद्र. कोपऱ्यात एक अक्षर नाही. चष्मा लावून तीनदा तपासलेला.

लेकीने तो बराच वेळ पाहिला. "फारच सुंदर आलाय, बाबा. यात काय होणार आहे?"

"काही नाही. सगळं सुखरूप आहे."

"मग पेशंट बघतील काय?"

शेजारी बसलेली आई म्हणाली, "आणि जुन्याचा शेवट आता सगळ्यांना कळलाय. मीच भाजी घेताना चौघींना सांगितला."

"तोच तर घोळ झालाय," लेक म्हणाली. "आणि खरं सांगू का, चार मिनिटं फार कमी पडतात. माझं इंजेक्शनसुद्धा तोवर चढत नाही. पेशंट मनातल्या मनात मोजून मोकळा होतो आणि मग पुन्हा ड्रिलकडे बघायला लागतो."

ड्रायव्हरसाहेबांनी खिशातून पेन काढलं, नव्या फोटोचं पाकीट उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर टोक टेकवलं.

"किती हवीत?"

"रूट कॅनॉलला चाळीस. अक्कलदाढ असेल तर तासभर."

त्यांनी लिहून घेतलं. "आणि इंधन?"

"ते संपलेलंच असू दे," लेक म्हणाली.